लिनारेसची सान्ताना: लँड रोव्हरची नक्कल की स्वतःची गाडी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ग्रानादाला शिकायला आहात. गावाबाहेरच्या एका ऑलिव्हच्या मळ्यात १९७० च्या दशकातली ८८ इंची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ८८ इंच अंतर असलेली) लँड रोव्हर विकायला उभी आहे आणि तिच्या पुढच्या जाळीवर 'सान्ताना' असं लिहिलंय. मित्र म्हणतो, ही स्पॅनिश नक्कल, हात लावू नकोस. तुम्ही शोधलंत तर त्याच नावाने सुझुकी निघाल्या, इवेको या इटालियन ट्रक कंपनीशी नातं निघालं, आणि २०११ मध्ये कारखाना बंद झाल्याचंही दिसलं. तर ही कंपनी नेमकी कोणाची, सरकारने पैसा ओतूनही ती का बुडाली, आणि ही गाडी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांची कामं करतो. मधली काही वर्षं स्पेनमध्ये, गिअरबॉक्सचे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होतो, त्यामुळे सान्तानाच्या बऱ्याच गाड्या उघडून पाहायला मिळाल्या. गाडी घ्यावी की नाही ते शेवटी सांगतो. ते बरंचसं गाडी कोणत्या सालातली आहे आणि चेसीची काय अवस्था आहे यावर ठरतं. पण 'नक्कल' या शब्दाबद्दल आधी बोलू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तर त्यातच अडकलेलं आहे.

परवान्यावर बनलेली कुठलीही गाडी समोर आली की मी तीन गोष्टी विचारतो. ड्रॉइंग कोणाची? भाग कुठे ओतले, कुठे कापले? आणि ती गाडी कुठल्या देशात विकायची हे कोण ठरवत होतं? सान्तानाच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेली. म्हणूनच तुम्हाला एका कंपनीच्या जागी तीन-चार कंपन्या दिसतायत.

सुरुवात १९५० च्या दशकाच्या मध्यावरची. अंदालुसियातला हाएन प्रांत म्हणजे ऑलिव्ह, मोठे जमीनदार आणि कामासाठी बाहेर पडणारे मजूर. त्यातलं लिनारेस हे शिशाच्या खाणींचं गाव, आणि त्या खाणी उतरणीला लागलेल्या. हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने १९५३ मध्ये हाएनसाठी एक खास योजना कायद्याने आणली: धरणं, वीज, शेतवसाहती आणि कारखाने. याच वाऱ्यात 'मेटालुर्जिका दे सान्ता आना' ही कंपनी शेतीची अवजारं आणि यंत्रं बनवायला उभी राहिली. पण शेतीयंत्रांचा धंदा हंगामी असतो आणि त्यावर मोठा कारखाना वर्षभर चालत नाही. १९५६ मध्ये कंपनीने इंग्लंडच्या रोव्हरशी बोलणी करून लँड रोव्हर बनवायचा परवाना मिळवला आणि १९५८ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या.

इथे त्या काळचा स्पेन समजून घ्यायला हवा. परकीय चलन जवळपास नव्हतं, आयातीवर कडक बंधनं होती. कंपनीला इंग्लंडहून पेट्या मागवून लिनारेसला नुसती जोडणी करण्याची मुभा नव्हती. गाडीचा बहुतांश भाग स्पेनमध्येच बनला पाहिजे, ही अट पहिल्यापासून होती, आणि काही वर्षांत गाडी जवळजवळ पूर्णपणे स्पॅनिश झाली. म्हणजे ओतकाम, गिअर कापणं, ॲक्सल, चेसीची वेल्डिंग, सगळं शिकावं लागलं. गिअर कापण्यात तर लिनारेसचा हात इतका बसला की सिट्रोएनच्या स्पेनमधल्या गाड्यांचे गिअरबॉक्सही तिथे होऊ लागले. आपल्याकडे परमिटराजच्या काळात महिंद्राने विलिसची जीप अशीच भाग-भाग करून देशी केली. ते दिवस आठवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

तेव्हा तुमच्या मळ्यातल्या गाडीपुरतं बोलायचं तर ड्रॉइंग इंग्लंडची, धातू आणि मेहनत लिनारेसची, आणि बाजारपेठेचा हक्क वाटून दिलेला. रोव्हरला स्वतःची मागणी पुरी करताना दम लागत होता, म्हणून स्पेनखेरीज उत्तर आफ्रिका आणि मध्य-दक्षिण अमेरिकेच्या बाजाराचा भार सान्तानाने उचलला. इराणमध्येही सान्तानाकडून गेलेल्या भागांवर गाड्या जोडल्या जात. ही सगळी रीतसर परवान्याची कामं होती, त्यामुळे याला नक्कल म्हणणं चूक आहे. परवान्यावर लँड रोव्हर बनवणारे तेही एकटे नव्हते. बेल्जियममध्ये मिनर्व्हाने बनवल्या, आणि १९५३ मध्ये जर्मनीच्या सीमा-पोलिसांसाठी हाम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने. होय, तोच टेम्पो, ज्याच्या परवान्यावर पुढे आपला बजाज टेम्पो उभा राहिला. हे दोन्ही प्रयोग थोड्या वर्षांत आटोपले. सान्ताना मात्र टिकली.

आता तुमच्या मित्राला सांगायच्या दोन गोष्टी. पहिली इंजिनची. लांब १०९ इंची गाडीला जास्त ताकद हवी होती. इंग्लंडने त्यासाठी रोव्हरच्या मोटारीतलं २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं जुन्या धाटणीचं इंजिन बसवलं. सान्तानाने वेगळा रस्ता धरला. त्यांच्याकडे लँड रोव्हरचं २२८६ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही रूपांत बनतच होतं. त्याच बोअर-स्ट्रोकचे आणखी दोन सिलिंडर जोडून त्यांनी सहा सिलिंडरचं इंजिन केलं. २२८६ ला दीडने गुणा, ३४२९ येतात. सान्तानाच्या सहा सिलिंडरची क्षमता नेमकी तेवढीच आहे. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात नवा ब्लॉक ओतावा लागतो, क्रँकशाफ्ट लांब झाला की त्याची पीळ वेगळी सांभाळावी लागते, डिझेलचा पंप बदलतो. पण पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह यांसारखे पुष्कळ भाग तेच राहतात, आणि त्यांची मशिनं आधीच बसलेली असतात. खिशात पैसे कमी आणि कारागीर चांगले असले की अभियंता असाच विचार करतो. मला हे सान्तानाचं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. विशेष म्हणजे सहा सिलिंडरचं डिझेल मूळ लँड रोव्हरला कारखान्यातून कधी मिळालंच नाही.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची, आणि ती मला जास्त आवडते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडच्या लँड रोव्हरला नव्वद आणि एकशे दहा इंची गाड्यांच्या व्ही-८ इंजिनासाठी दणकट पाच गिअरचा बॉक्स हवा होता. तो आला लिनारेसहून. एलटी-८५ या नावाने ओळखला जाणारा तो बॉक्स सान्तानाने बनवला आणि सॉलिहलच्या, म्हणजे लँड रोव्हरच्या इंग्लंडमधल्या कारखान्याच्या, गाड्यांत बसला. ज्या वेळी परवाना देणाऱ्याच्या गाडीत परवाना घेणाऱ्याचा गिअरबॉक्स बसतो, त्या वेळी कोण कोणाची नक्कल करतंय ते मित्रालाच विचारा. हा बॉक्स मी उघडलेला आहे. जड आहे, थंडीत गिअर टाकताना हट्टीपणा करतो, पण आतले गिअर पाहिले की कापणाऱ्याचा हात दिसतो.

याशिवाय सान्तानाने लष्करासाठी स्वतःच्या बांधणीची हलकी गाडी केली, इंजिनवर बसणाऱ्या केबिनचा छोटा ट्रक केला आणि हाएनमधल्याच डोंगररांगेवरून काझोर्ला नावाची मॉडेलं काढली. पुढे २.५ लिटरची मालिका आली, डिझेलला टर्बो बसला आणि जुन्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कमी पानांचे पॅराबोलिक पाटे आले. इंग्लंडने तोवर कॉइल स्प्रिंग धरली होती. सान्ताना पाट्यांवरच राहिली, पण पाटे सुधारत गेली. १९८३ च्या सुमारास लँड रोव्हरशी परवान्याचं नातं संपलं आणि त्यानंतरच्या गाड्या नुसत्या 'सान्ताना' म्हणून विकल्या जाऊ लागल्या. हा काळ माझ्या मते कंपनीचा खरा स्वतःचा काळ. पण नेमका तेव्हाच तिसरा प्रश्न आडवा आला: विकायचं कुठे? जुन्या परदेशी ग्राहकांना आता टोयोटा आणि निसान मिळत होत्या. स्पेनमध्येच बार्सेलोनाला निसान पॅट्रोल बनू लागली होती. आणि १ जानेवारी १९८६ पासून स्पेन युरोपीय समुदायात गेला, म्हणजे आयातीची भिंत खाली येणार हे ठरलेलं होतं.

आपल्याकडे कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली. परवान्याच्या धंद्यात असा कायदा नसतो. पंचवीस वर्षं कसलेली बाजारपेठ मालक बदलला की हातची जाते. सान्तानाने मग नवा मालक शोधला, तो जपानमध्ये.

सुझुकीची अडचण उलटी होती. त्यांच्याकडे छोटी, स्वस्त, लोकांना आवडणारी एसजे-४१० होती, पण युरोपातल्या अनेक देशांत जपानी गाड्यांवर कोटा होता. स्पेनमध्ये, पुरेशा स्थानिक भागांसह बनलेली गाडी युरोपीय ठरते. म्हणून १९८५ पासून लिनारेसला एसजे-४१० बनू लागली, मागोमाग ४१३, सामुराय, पुढे व्हिटारा आणि जिम्नीही. हीच गाडी त्याच साली आपल्याकडे गुडगावला, लांब चेसीवर, मारुती जिप्सी झाली. म्हणून मी माझ्या गॅरेजमधल्या मुलांना सांगतो, सामुराय समोर आली तर घाबरू नका, जिप्सीची युरोपातली सख्खी बहीण आहे. ती लिनारेसची की जपानची हे ओळखायचं असेल तर चेसी नंबर पाहा. व्हीएसई या अक्षरांनी सुरू झाला तर ती स्पेनची.

लिनारेसने सामुराय पुष्कळ बनवल्या, आणि कारखान्याला त्यातून बरे दिवसही आले. पण तीन प्रश्न परत विचारा. ड्रॉइंग हमामात्सुची, म्हणजे सुझुकीच्या जपानमधल्या मुख्यालयाची. विकायचं कुठे हे सुझुकी ठरवणार. आणि इंजिनसारखे महागडे भाग जपानहून, येनमध्ये. म्हणजे ज्या गोष्टीत लिनारेसचे लोक तरबेज होते, ओतणं-कापणं-सुधारणं, तिची गरजच कमी झाली. जुन्या लँड रोव्हर वळणाच्या गाड्या बाजूला बनत राहिल्या, पण नव्या पिढीच्या गाडीवर पैसा कोणी लावला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीकडे कंपनीचं बहुमत आलं. १९९२-९३ मध्ये पेसेताचं, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश चलनाचं, अवमूल्यन एकापाठोपाठ एक झालं, येन चढत गेला, स्पेनची मोटारविक्री कोसळली. १९९४ मध्ये सुझुकीने देणी थकल्याचं जाहीर केलं आणि मोठी कामगारकपात मांडली. लिनारेस रस्त्यावर आलं. गावाचा दुसरा आधारच नव्हता. त्याच वर्षी लँड रोव्हर वंशाच्या गाड्यांचं उत्पादनही संपलं. सुझुकी निघून गेली, पण गाड्या बनवण्याचा परवाना तिने लिनारेसकडे राहू दिला. १९९५ मध्ये अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने, म्हणजे तिथल्या 'हुंता'ने, कारखाना ताब्यात घेतला.

इथून पुढे तुमचा 'सरकारने पैसा ओतूनही' हा भाग. सरकारी पैशाने काही चांगलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. हजारो घरं आणखी पंधरा वर्षं चालली. पण त्यातला मोठा वाटा लवकर निवृत्त करण्यात आणि तोटा भरण्यात गेला. लवकर निवृत्ती म्हणजे पन्नाशीतले कारागीर घरी. ज्यांच्या हातात सहा सिलिंडरचा क्रँक आणि एलटी-८५ चे गिअर होते तेच लोक आधी बाहेर पडले. ताळेबंदात हा खर्च वेतनाखाली दिसतो, पण गेलेली कसब कुठल्याच रकान्यात दिसत नाही. दरम्यान सुझुकीने हंगेरीत एस्टरगोमला स्वतःचा कारखाना उभारला होता, आणि नव्या मॉडेलांचं युरोपातलं घर तेच झालं. लिनारेसला राहिली ती मावळती मॉडेलं. २००० च्या दशकात जुनी व्हिटारा 'सान्ताना ३००' आणि '३५०' या नावाने विकली गेली, तेव्हा ती गाडी बाकी जगात कधीच जुनी झालेली होती.

स्वतःची म्हणावी अशी शेवटची गाडी २००२-०३ मध्ये आली: पीएस-१०, म्हणजेच 'आनिबाल'. लिनारेसजवळ कास्तुलो नावाचं प्राचीन नगर आहे. रोमशी लढलेल्या हॅनिबलची बायको हिमिल्के तिथली, अशी तिथली जुनी कथा आहे. नाव चांगलं शोधलं होतं. गाडी म्हणजे जुन्या लांब सान्तानाचाच सांगाडा, त्यात इवेकोचं २.८ लिटरचं टर्बो डिझेल, खाली पाटे. मला ती खडबडीत कामाला आवडली. ओझं घेते, सहज दुरुस्त होते. पण रस्त्यावर ती बैलगाडीइतकी उसळते आणि तेवढ्याच पैशात त्या वेळी माणसाला एअर कंडिशनर चालणारी, दरवाजे नीट बसणारी जपानी पिकअप मिळत होती. लष्कर, अग्निशमन, वनखातं यांनी घेतली. अशा सरकारी मागण्या वर्षाला काही शे गाड्यांच्या असतात. तेवढ्यावर प्रेसशॉप आणि रंगशाळा असलेला कारखाना उभा राहत नाही.

त्याच वर्षी, २००२ मध्ये, महिंद्राने स्कॉर्पिओ आणली. दोघांचाही पाया परदेशी जीपवर, दोघांनाही बंद बाजारात वाढायला मिळालं. फरक काय पडला? महिंद्राकडे ट्रॅक्टरचा धंदा होता, देशातला वाढता ग्राहक होता, आणि बाजार उघडल्यावर नवी गाडी आखायला दहा वर्षं मिळाली. सान्तानाला ती दहा वर्षं सुझुकीची गाडी जोडण्यात गेली. मी स्पॅनिश मित्रांशी यावर वाद घातलेला आहे. ते म्हणतात लिनारेस मुळातच राजकारणाने उभं केलेलं, ते टिकणारच नव्हतं. मला ते पटत नाही. राजकारणाने उभं केलेलं असेलही, पण १९७५ ते ८५ या काळातलं तिथलं अभियांत्रिकीचं काम कोणी खैरात म्हणून दिलेलं नव्हतं.

शेवटचा अंक छोटा आहे. २००६ मध्ये इवेकोशी करार झाला, आनिबालवर इटालियन मोटार-डिझायनर जॉर्जेत्तो जुजारोच्या हातचं नवं कवच चढलं, ३ लिटरचं इंजिन आलं आणि २००७ मध्ये ती 'इवेको मासिफ' झाली. इंजिन उत्तम, १७६ अश्वशक्ती. पण खाली पाटेच, आणि बाहेर २००८ ची मंदी. २००९ च्या शेवटी सुझुकीचा परवाना संपला, इवेकोनेही हात काढला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये 'हुंता'ने सान्ताना बंद करण्याचं जाहीर केलं. त्यानंतर काही वर्षं लिनारेस स्पेनमधल्या सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांत गणलं जात होतं. २०२५ मध्ये चिनी भागीदारांच्या मदतीने सान्ताना हे नाव पिकअपवर परत आलं आहे, जागा तीच लिनारेसची. माझे तीन प्रश्न तिलाही लावून पाहा. ड्रॉइंगचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे.

आता तुमची गाडी. १९७० च्या दशकातली ८८ म्हणजे चार सिलिंडर, आणि हीच सगळ्यात बिनधोक निवड. तिचे बरेच भाग इंग्लंडच्या सीरिज लँड रोव्हरशी जुळतात आणि ते आजही नवे मिळतात. मात्र 'जुळतात' म्हणजे शंभर टक्के नाही. मागवण्याआधी जुना भाग काढून मोजमाप घ्या, आणि स्पेनमधल्याच सान्ताना विक्रेत्याला आधी विचारा. गाडी सहा सिलिंडरची १०९ असती तर मी तुम्हाला दहादा विचार करायला लावलं असतं. इंजिन सुरेख, पण त्याचे खास भाग फक्त सान्तानाचेच, आणि सान्ताना आता ते बनवत नाही.

बॉडीकडे फार पाहू नका. पत्रा ॲल्युमिनियमचा असतो, चेपतो पण कुजत नाही. खाली झोपा आणि चेसी पाहा, खास करून मागचा आडवा मेंबर आणि पाट्यांचे हँगर. हातोडीने हलकं ठोका, टणटण आवाज आला पाहिजे. ग्रानादा-हाएनच्या कोरड्या हवेत चेसी उत्तरेकडच्या गाड्यांपेक्षा चांगली राहते, पण ऑलिव्हच्या मळ्यातली माती चेसीच्या पोकळीत वर्षानुवर्षं बसून ओल धरते, तिथे आतून गंज चढतो. पुढच्या चाकांमागचे, चाक ज्यांवर वळतं ते क्रोमचे गोळे पाहा. त्यावर खड्डे असतील तर ऑइल सील कितीही बदला, गळणारच. लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) टाकून चढावर चालवा आणि उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गिअर सुटतो का बघा.

कागद तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मळ्यातल्या गाड्यांची आयटीव्ही, म्हणजे तिकडची वाहनतपासणी, पुष्कळदा वर्षानुवर्षं झालेली नसते आणि काहींची नोंदणीच रद्द करून ठेवलेली असते. गाडी तीस वर्षांहून जुनी असल्याने ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद करता येते. त्याने तपासणीची कटकट कमी होते. ग्रानादासारख्या शहरांत कमी-प्रदूषण क्षेत्रं आली आहेत, तेव्हा शहरात आणणार असाल तर तुमच्या नगरपालिकेचा नियम आधी वाचा. मालकाकडे मूळ तांत्रिक पत्रिका असेल तर तिच्यावरचा चेसी नंबर प्रत्यक्ष चेसीवरच्या नंबरशी ताडून पाहा आणि दोन्हींचा फोटो इथे टाका. इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबरही टाका, म्हणजे मधे कोणी इंजिन बदललंय का ते सांगता येईल.